बिटकॉइनचा भाव सगळीकडे सारखा का नसतो? (पार्श्वभूमी)

कालच्या भावावरून उद्याचा भाव ओळखता येत नसेल तर बाजार कार्यक्षम. अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कसोट्यांपैकी ही सर्वांत सौम्य. संशोधक अँड्र्यू अर्कहार्ट यांनी २०१६ मध्ये ती बिटकॉइनला लावली. ऑगस्ट २०१० ते जुलै २०१६ या सबंध काळावर बाजार नापास ठरला. त्याचा उत्तरार्ध वेगळा काढला तर काही चाचण्या पास झाल्या. त्यावरून ‘बाजार वयात येतोय’ असा समज पसरला. तो घाईचा होता.

वयात आलेल्या बाजारात एकाच नाण्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखा हवा. तसं नसल्याचं दीड वर्षातच कोरियाने दाखवून दिलं. जानेवारी २०१८ मध्ये सोलमधला भाव अमेरिकेपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत वर गेला. या जादा भावाला, कोरियन लोणच्याच्या नावावरून, ‘किमची प्रीमियम’ म्हणतात. कागदावर धंदा सोपा: डॉलरमध्ये घ्या, कोरियन एक्सचेंजच्या (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) वॉलेटवर, म्हणजे खात्यावर पाठवा, सहा कन्फर्मेशनसाठी (व्यवहार पक्का झाल्याच्या नोंदींसाठी) तासभर थांबा, वॉनमध्ये, म्हणजे कोरियन चलनात विका. अडतं त्यापुढे. हातातल्या वॉनचे डॉलर करून देशाबाहेर न्यायचे, तर कागदपत्रांशिवाय वर्षाला ५०,००० डॉलरच नेता येत. पुढची फेरी मारायला भांडवलच परत येईना, मग दोन भावांतली दरी बुजवणार कोण? गंमत म्हणजे त्याच काळात इथर या दुसऱ्या डिजिटल नाण्याचा बिटकॉइनमध्ये मोजलेला भाव दोन्ही देशांत जवळजवळ सारखा होता. म्हणजे नाणी बिनबोभाट फिरत होती, अडकला होता वॉन.

माउंट गॉक्सवर उलटं घडलं होतं. टोकियोच्या या एक्सचेंजने ७ फेब्रुवारी २०१४ ला ग्राहकांना आपले बिटकॉइन काढून घेणं बंद केलं आणि तिथला भाव इतर एक्सचेंजच्या कितीतरी खाली घसरला. आकडा बिटकॉइनचा दिसत असला, तरी लोक विकत होते ते बुडत्या एक्सचेंजकडून असलेलं आपलं येणं. अशी किंमत चाचणीच्या आकडेवारीत घेतली, तर निकालही तसाच फसवा येणार.

डिसेंबर २०१७ मध्ये शिकागोत बिटकॉइनचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) आले, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत स्पॉट ईटीएफ (प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणारे, शेअरसारखे विकले जाणारे फंड). मोठं भांडवल आत आलं, पण डॉलरच्या बाजूने; इतर चलनांतले अडथळे त्याने हटत नाहीत.

भारतात १ जुलै २०२२ पासून बिटकॉइनच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो हे खरं, पण तोवर पैसा अडकतो. एक लाख रुपये दहा वेळा फिरवले, तर भाव जागचा न हलताही हातात सुमारे ९०,४४० उरतात. अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी इथे कोण धावणार?