मेंदूज्वर

ताप, बेशुद्धी आणि झटके एकत्र दिसणाऱ्या आजारांसाठी मराठीत रूढ झालेली संज्ञा. हा एक रोग नव्हे. वैद्यक याच्या जागी दोन शब्द वापरते: मस्तिष्कशोथ म्हणजे एन्सेफलायटिस आणि मस्तिष्कविकृती म्हणजे एन्सेफलोपॅथी. दोन्हींच्या मुळाशी ‘डोक्याच्या आतले’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. ‘आयटिस’ दाह सांगतो. ‘पॅथी’ फक्त बिघाड सांगते, कारण काहीही असो. ‘शोथ’ आयुर्वेदात मुळात सुजेला म्हणतात, त्यामुळे ‘मेंदुदाह’ही लिहिले जाते, तरी ‘शोथ’ रुळला आहे, तोच ठेवणे बरे. खरी अडचण ‘ज्वर’ची आहे. यकृत निकामी झाल्याने किंवा रक्तातील साखर फार उतरल्याने शुद्ध हरपते, तेव्हा ताप असेलच असे नाही.

दोहोंतला फरक बहुधा पाठीतल्या पाण्यावरून, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवावरून, कळतो. ते निरोगी माणसात स्वच्छ असते आणि त्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये 5 पर्यंतच पांढऱ्या पेशी सापडतात. शोथात त्या सहसा वाढतात, विकृतीत सहसा वाढत नाहीत. हे पाणी काढण्याची सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेत घालतात. ‘पाणी काढलं की पोरगं अधू होते’ ही नातेवाइकांची भीती म्हणूनच निराधार आहे, आणि तिच्यापायी उपचाराचे मोलाचे तास जातात.

या संज्ञेशी नागपूरचे नाव चांदीपुरा विषाणूमुळे जोडले गेले. 1965 मध्ये येथील तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, तो वेगळा केला; भट्ट व रॉड्रिग्ज यांचा वृत्तान्त 1967 चा. चांदीपुरा हे कोठे नागपूरजवळचे गाव, तर कोठे शहराचाच भाग म्हणून नोंदलेले आढळते. ते रुग्ण साध्या तापाचे होते. मेंदूच्या आजाराशी या विषाणूचा संबंध 1980 नंतर पुढे आला आणि 2003 च्या आंध्र प्रदेशातील साथीने ठळक झाला. ती साथ शोथाची की मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या बिघाडाची, यावर वाद झाला. शोथाचा पक्ष अधिक मान्य दिसतो. विषाणूचा प्रसार मुख्यतः वाळूमाशीमुळे होतो. डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर वेगळा.

नागपुरात ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत आणलेल्या मुलाच्या कागदावर कारण ठरेपर्यंत ‘एईएस’, म्हणजे तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह, एवढेच लिहितात.