फेणी, जिन आणि ‘देशी’ या शब्दाची अडचण : पार्श्वभूमी

पणजी-म्हापशाच्या दुकानांतली फळी गेल्या आठ-दहा वर्षांत बदलली. फेणी, जिन, काजू, कोकम, सगळ्यांवर नवी नावे आली. त्यांतल्या अनेक नावांमागे तिशीतली मुले-मुली आहेत. काहींच्या घरी दोन-तीन पिढ्यांची भट्टी आहे, काही मुंबई-बंगळूरची नोकरी सोडून आलेली. बोलणे होते ते देखण्या लेबलांबद्दल. पण हा बदल उशिरा का आला आणि आधी जिनमध्ये का आला, याचे उत्तर अबकारी कायद्यातल्या एका शब्दात आहे.

काजू पोर्तुगिजांबरोबर आला, माडाची फेणी त्याहून जुनी. गोवामुक्तीनंतरही कितीतरी वर्षे फेणीला ब्रँड असा नव्हताच. ती गराफांवातून, म्हणजे काचेच्या मोठ्या बरणीतून, तावेर्नात (गावच्या दारूच्या गुत्त्यात) जायची आणि गिऱ्हाईक ‘अमक्याच्या भट्टीची’ म्हणून मागायचे. विश्वास माणसावर होता, त्यामुळे लेबलाची गरजही पडली नाही.

अडचण झाली ती वर्गवारीने. कायद्याच्या कागदांत फेणी ‘देशी दारू’ होती. महाराष्ट्रात ‘देशी’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती मळीच्या स्पिरिटची संत्रा-मोसंबी. काजूच्या फेणीत बोंडाच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाशिवाय काही नसते. बाहेरचे स्पिरिट नाही, साखर नाही, रंग नाही. तरी दोघींवर शिक्का एकच. दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, प्रत्येक राज्याचा अबकारी नियम वेगळा, आणि परराज्यातली ‘देशी’ आपल्याकडे विकू द्यायला कुठलेच राज्य सहसा उत्सुक नसते. उलट जिन ‘भारतात बनलेली विदेशी दारू’ या रकान्यात बसते. त्यामुळे २०१७-१८ च्या सुमारास गोव्यात नव्या जिन निघू लागल्या, तेव्हा त्यांना मुंबई-दिल्लीचा रस्ता मोकळा होता. जिनला तिची चव देणारी जुनिपरची फळे बाहेरून येतात, तरी गोव्याचे नाव घेऊन त्या देशभर पोचल्या. इथल्या डोंगरावरच्या बोंडाची फेणी मात्र गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्याअलीकडे राहिली. हा अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो दूर करण्याचे प्रयत्न तुकड्यातुकड्यांनी झाले. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, गोव्यातले पहिले. त्याने नावाला संरक्षण दिले, पण अबकारीचा रकाना बदलला नाही. २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये फेणीसाठी स्वतंत्र धोरण आणले. यावर भट्टीवाल्यांत आजही दोन मते आहेत. वारसा म्हटल्यावर मान वाढला, दर वाढला, हे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू विचारते की शेजारच्या राज्याचा परवाना अजून तितकाच दुष्कर असेल, तर मानाचे करायचे काय? मला दुसरा प्रश्न अधिक खरा वाटतो.

तरुण मंडळींचे काम नेमके या फटीत सुरू झाले. दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकालाच भट्टीवर आणले. सत्तरी तालुक्यातल्या एका भट्टीवर मी हे जवळून पाहिले. बोंडे मळून काढलेला रस आंबून तयार होता, भाणाखाली (रस उकळायच्या भांड्याखाली) लाकडे पेटलेली. पहिल्या धारेचा हुर्राक, म्हणजे फेणीआधीची सौम्य दारू, निघून गेला होता, दुसऱ्या खेपेची फेणी लवणीत, म्हणजे धार गोळा होणाऱ्या मडक्यात, उतरत होती. म्हाताऱ्या बापाने करवंटीतून धार वरून सोडली आणि फेस किती टिकतो ते पाहून ‘जाली’ म्हटले. शेजारी लेकीने नळकांड्यात मीटर बुडवला. मानांकनातली फेणी ४२.८ टक्के अल्कोहोलची, तिचा आकडा जवळपास तिथेच थांबला. मग तिने वहीत तारीख, डोंगर आणि भाणाचा क्रमांक लिहिला. बापाच्या डोळ्यांवर तिचा विश्वास होता, पण बंगळूरच्या बारवाल्याला डोळे पाठवता येत नाहीत.

हाच त्यांचा ब्रँडवरचा खरा प्रभाव आहे. गावाचे नाव आणि हंगामाचे वर्ष बाटलीवर आले. कोकम-आमसुले नि काजू विकणाऱ्यांनीही तीच रीत उचलली. २०२३ मध्ये मानकुराद आंब्याला आणि बिबिंका या गोड पदार्थाला मानांकन मिळाले तेव्हा ते लेबलावर कसे वापरायचे, हे फेणीवाल्यांकडून शिकायला मिळाले होते. अजून सुटलेले नाही ते भावाचे गणित. बाटली महाग झाली, पण डोंगरावर बोंडे वेचणाऱ्या बायांच्या रोजात त्या प्रमाणात फरक पडल्याचे मला दिसले नाही.

आणि माडाची फेणी? २००९ चे मानांकन फक्त काजूचे, त्यामुळे जी जुनी तीच त्याबाहेर राहिली. माडावर चढून सूर (माडी) काढणारे रेंदेर दरवर्षी कमी होताहेत. दोन-तीन तरुणांनी माडाच्या फेणीची बाटली काढायची म्हणून मला पत्ते विचारले. देण्यासारखे पत्ते माझ्याकडे चारच होते, आणि त्यांतला सर्वांत तरुण रेंदेर साठीचा.