ध्यानचंद ऑलिम्पिक खेळले तेव्हा ‘मेजर’ नव्हते

‘मेजर ध्यानचंद यांनी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली’ हे वाक्य सर्रास वाचायला मिळतं आणि एका अधिकाऱ्याला खेळायला हवी तेवढी मोकळीक मिळाली, असा समज होतो. तसं नव्हतं. 1922 मध्ये ते साधे शिपाई म्हणून भरती झाले. खेळाडू म्हणून नव्हे. हॉकीची गोडी लागली ती सैन्यातच. अ‍ॅमस्टरडॅम 1928, लॉस एंजेलिस 1932, बर्लिन 1936: या तिन्ही वेळी ते अधिकारी नव्हते. लॉस एंजेलिससाठीच्या निवड स्पर्धेला तर पलटणीने रजाच नाकारली. हॉकी महासंघाने त्यांना चाचणीविनाच संघात घेतलं. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मेजर हा हुद्दा 1956 च्या निवृत्तीवेळचा.