पंप कुणाच्या हाताला जमतो?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका युरोसर्जनच्या टेबलावर, ताठरता येत नसेल तर लिंगात बसवतात त्या इम्प्लांटचा नमुना ठेवलेला होता. बोटाएवढ्या दोन नळ्या, त्यांना जोडलेली पाण्याची छोटी पिशवी आणि बोराएवढा एक पंप. माझ्यासोबत आलेले काका ६१ वर्षांचे. अठरा वर्षांपासून शुगर. डॉक्टर म्हणाले, "काका, हा पंप जरा दाबून पाहा." काकांनी दाबला, बोटं घसरली. पुन्हा दाबला, पुन्हा घसरली. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, "शर्टाचं वरचं बटणसुद्धा आजकाल हीच लावून देते." शेजारी काकू बसल्या होत्या.

काकांच्या फायलीत पंधरा रिपोर्ट होते, पण बटणाची गोष्ट एकातही नव्हती. कोणता इम्प्लांट बसवायचा याचा निम्मा निर्णय मात्र त्याच गोष्टीवर अवलंबून होता. नाव न लिहिण्याच्या अटीवर काका-काकूंनी मला हे सांगू दिलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

लिंगात लांबीच्या दिशेनं स्पंजासारखे दोन कप्पे असतात. त्यांच्याभोवती मजबूत आवरण असतं. उत्तेजना आली की रक्तवाहिन्या सैल पडतात, कप्पे रक्तानं भरतात आणि ताणलेल्या आवरणाखाली रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात. आत आलेलं रक्त आतच राहतं, म्हणून ताठरता टिकते. जुनी शुगर, बीपी, तंबाखू, प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरचं ऑपरेशन किंवा कमरेच्या हाडाला झालेली दुखापत या साखळीची एखादी कडी तोडते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे त्या आधी चोंदतात. त्यामुळे ताठरता न येण्याची तक्रार अनेकदा हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसते. ती घेऊन येणाऱ्याचं हृदयही तपासावं लागतं ते यासाठीच.

काका डॉक्टरांकडे पोचले तोवर सहा वर्षं गेली होती. रेल्वे स्टेशनच्या परिसरातल्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असं लिहिलेलं असतं, तिथल्या पुड्या त्यांनी खाल्ल्या होत्या. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय गोळ्याही आणल्या होत्या. याचं मला मनापासून वाईट वाटतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसानं सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध घेतलं, तर बीपी इतकं खाली येऊ शकतं की जिवावर बेतेल. दुकानात हे विचारायला कुणी नसतं.

इम्प्लांट हा शेवटच्या टप्प्यावरचा उपाय आहे. आधी गोळ्या, मग व्हॅक्यूमचं उपकरण, मग लिंगात घ्यायचं इंजेक्शन. यांतलं काहीच लागू पडलं नाही किंवा सोसवलं नाही, तरच सहसा त्याचा विचार होतो. एकदा इम्प्लांट बसवला की आतला स्पंज पूर्वीसारखा राहत नाही. पुढे तो काढला तरी नैसर्गिक ताठरता परत येत नाही, गोळ्यांचाही उपयोग होत नाही. ही परतीची वाट नसलेली निवड आहे आणि सही करण्याआधी डॉक्टरांनी ती तशीच स्पष्ट सांगायला हवी.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे वाकणारा रॉड. दोन्ही कप्प्यांत सिलिकॉनचा एकेक रॉड बसवतात, वाकवाल तसा तो राहतो. एरवी खाली वळवून ठेवायचा, हवा तेव्हा सरळ करायचा. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही आणि किंमतही सर्वांत कमी. मुंबईच्या डॉ. रूपिन शाह यांनी तयार केलेला भारतीय इम्प्लांट याच प्रकारातला. अडचण एवढीच की लिंग कधीच पूर्ण सैल पडत नाही. घट्ट पँटमध्ये, पोहताना, एकत्र कुटुंबातल्या दोन खोल्यांच्या घरात ते जाणवतं.

तीन भागांचा फुगणारा इम्प्लांट नैसर्गिक अवस्थेच्या सर्वांत जवळ जातो. ह्यूस्टनचे डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये तो जगापुढे मांडला आणि आजही कल्पना तीच आहे. कप्प्यांत दोन नळ्या, ओटीपोटात मूत्राशयाजवळ सलाइनची पिशवी, अंडकोषाच्या पिशवीत पंप. पंप दाबत गेलं की सलाइन नळ्यांत येतं, पंपावरचं बटण दाबलं की परत पिशवीत जातं. बाहेरून काहीही दिसत नाही. पण भाग जास्त म्हणजे बिघाडाच्या जागाही जास्त, आणि खर्च रॉडच्या कित्येक पट. साधारण दहा-पंधरा वर्षांनी तो बदलायची वेळ येऊ शकते. दोन भागांच्या प्रकारात पोटातली वेगळी पिशवी नसते, म्हणून पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्यांसाठी त्याचा विचार करतात. मात्र त्यात कडकपणा आणि सैलपणा दोन्ही थोडे कमी मिळतात.

कोणताही इम्प्लांट इच्छा वाढवत नाही आणि लांबीही वाढवत नाही. उलट पूर्वीपेक्षा थोडं आखूड वाटल्याची तक्रार बऱ्याच जणांची असते. त्वचेची संवेदना आणि परमोच्च सुख आधी जसं होतं तसंच सहसा राहतं. लिंगाचं टोक मात्र इम्प्लांटमुळे फुगत नाही, कारण तो भाग वेगळ्या कप्प्याचा आहे. नळीची लांबी ऑपरेशनच्या टेबलावर मोजूनच ठरते. लांब नळी आतून टोचत टोचत बाहेर येऊ शकते, आखूड नळीमुळे टोक लोंबतं. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन शोधावा आणि "आतापर्यंत अशी किती केलीत?" हे संकोच न करता विचारावं.

विदर्भात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला वेगळी सांगायची आहे. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, पण त्यात मुलांना रात्री येणाऱ्या वेदनादायक ताठरतेबद्दल घरात कुणी बोलत नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी कप्प्यांत अडकतात, रक्त बाहेर पडत नाही आणि स्पंजाला ऑक्सिजन मिळत नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ असं राहिलं, तर ती तातडीची बाब आहे. मध्यरात्र असली तरी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथल्या अपघात विभागात मुलाला घेऊन जा. सकाळची वाट पाहणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कायमची ताठरता गमावू शकतो. त्या जागी घट्ट व्रण तयार होतो आणि पुढे इम्प्लांट बसवणंही कठीण जातं, कधी कमी जाडीच्या नळ्या वापराव्या लागतात. अशा रुग्णानं भूलतज्ज्ञांनाही सिकलसेलबद्दल आधीच सांगावं, कारण शरीरातलं पाणी, ऊब आणि ऑक्सिजन यांची जास्त काळजी घ्यावी लागते.

सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. इम्प्लांटभोवती पू झाला की तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. २००१ पासून प्रतिजैविकाचा लेप असलेले इम्प्लांट मिळू लागले आणि हे प्रमाण बरंच खाली आलं. अनुभवी हातांत ते शंभरात एक-दोनच्या आसपास असतं. शुगर ताब्यात नसेल तर धोका वाढतो. लघवीत जंतू असतील तर आधी ते घालवावे लागतात.

काकांच्या बोटांकडे पाहून मला वाटलं होतं, यांच्यासाठी रॉडच. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" चार वेळा, धारही बारीक. म्हणजे प्रोस्टेट वाढलेलं असण्याची शक्यता, आणि पुढेमागे मूत्रमार्गातून दुर्बीण घालावी लागली तर रॉडमुळे ते काम अवघड होतं. त्यात ज्या शुगरनं बोटं बधिर केली, तिनं लिंगाची संवेदनाही कमी केलेली असू शकते. अशा माणसाला रॉड आतून टोचत असला तरी वेळेवर कळत नाही. बोटं एक सांगत होती, प्रोस्टेट दुसरंच.

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकूंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, पंप मी दाबला तर चालते का?"

चालतं. अनेक जोडप्यांमध्ये पंप बायकोच सांभाळते. डॉक्टरांनी नमुना त्यांच्याकडे सरकवला. काकूंनी पदर खोचला, पंप चिमटीत धरला आणि दाबत गेल्या. नळ्या भरून ताठ झाल्या. मग बटण कुठे आहे ते विचारलं, शोधलं, दाबलं, पाणी परत गेलं. "फुलवाती वळण्यापेक्षा सोपं आहे," त्या काकांना म्हणाल्या. त्या खोलीत काका पहिल्यांदाच हसले.

ऑपरेशनची तारीख त्या दिवशी मिळाली नाही. काकांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.४ टक्के होती आणि ती आधी खाली आणायची होती. प्रोस्टेटची तपासणी, हृदयाची तपासणी, टेस्टोस्टेरॉन आणि लिंगाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लिहून दिला होता. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे संबंध ठेवायचा नाही, हेही काकूंनी आपल्या वहीत लिहून घेतलं. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती, "उद्यापासून सकाळी फिरायला, दोघंही."