इक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्ट आणि अपंगत्व लाभाच्या दाव्यांतील वकील फी

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेचा अपंगत्व लाभ नाकारला गेलेला माणूस फेडरल न्यायालयात जिंकला, तर त्याच्या वकिलाची फी सरकारकडून वसूल करण्याची सोय करणारा कायदा. तो १९८० साली संमत झाला. १९८४ मध्ये त्याची मुदत संपली आणि १९८५ मध्ये तो कायमचा झाला. वकीलवर्गात तो आद्याक्षरांवरून ‘ईजा’ म्हणून ओळखला जातो.

जिंका वा हरा, आपल्या वकिलाचे पैसे आपणच भरायचे, हा अमेरिकेतला सर्वसाधारण दंडक. ईजा हा त्याला अपवाद. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ खर्चाचा भार साधारणपणे हरणाऱ्यावर टाकते, मात्र निकालावर अवलंबून फी ठरवायला इथल्या वकिलांना मनाई आहे. अमेरिकेत अपंगत्वाचे दावे बहुतांशी तशाच फीवर चालतात.

नुसते जिंकून भागत नाही. दावेदाराची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलरपेक्षा जास्त नसावी लागते आणि सरकारची भूमिका ‘पुरेशी समर्थनीय’ नव्हती असे ठरावे लागते. ती समर्थनीय होती हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. समंजस माणसाला पटेल इतपत आधार असला तरी पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पीअर्स वि. अंडरवुड खटल्यात म्हटले. म्हणजे हरूनही सरकार फीतून सुटू शकते.

दुसरीकडे, जिंकण्याची व्याख्या दावेदाराच्या बाजूने सैल आहे. डॉक्टरचे मत का डावलले याचे कारण लाभ नाकारणाऱ्या आदेशात नाही, अशा त्रुटीवर न्यायालय आदेश रद्द करून प्रकरण फेरसुनावणीला पाठवते. तेव्हा दावेदाराच्या हाती लाभाचा एक डॉलरही आलेला नसतो, तरी शलाला वि. शेफर (१९९३) या निकालाने तो विजयीच ठरतो. फीचा अर्ज निकाल अंतिम झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. अपिलाची ६० दिवसांची मुदत सरल्याशिवाय निकाल अंतिम होत नाही. सोबत कामाच्या तासांचा तपशील जोडावा लागतो. दर ताशी १२५ डॉलर, हा १९९६ पासूनचा आकडा, पण महागाईनुसार न्यायालय तो वाढवू शकते.

ही रक्कम सरकारी तिजोरीतून येते, दावेदाराला मिळणाऱ्या मागील लाभाच्या थकबाकीतून नाही. पुढे लाभ मंजूर झाला की न्यायालयातील कामासाठी वकिलाला थकबाकीच्या २५ टक्क्यांपर्यंत वेगळी फी मागता येते. करार असला तरी ती वाजवी आहे का, हे न्यायालय तपासते. त्याच कामासाठी दोन्ही फी मिळाल्यास लहान रक्कम अशिलाला परत करणे बंधनकारक आहे. समजा थकबाकी ६०,००० डॉलर, त्यातून वकिलाला १५,००० मंजूर झाले आणि ईजाचे ६,००० आधीच मिळाले होते. हे ६,००० अशिलाकडे परत जातात आणि त्याच्या खिशाला ९,०००चीच चाट बसते.

खरी मेख निराळीच आहे. ॲस्ट्रू वि. रॅटलिफ (२०१०) या निकालानुसार ईजाची फी कायद्याने वकिलाची नसून अशिलाची. अशिलाकडे सरकारचे येणे असेल, तर ते आधी वळते करून घेतले जाते. वकिलाने महिनोन्महिने राबून मिळवलेली रक्कम त्यात पूर्ण बुडूही शकते. म्हणून वकील वकीलपत्राबरोबरच फीचा हक्क आपल्या नावे करून देणाऱ्या कागदावर अशिलाची सही घेऊन ठेवतात. सरकारी देणे नसेल तर सोशल सिक्युरिटी प्रशासन सहसा तो कागद मान्य करून पैसे थेट वकिलाला देते.