५७ किलोचा काटा

सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबला जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. गोव्यातल्या पेपरांचं क्रीडापान म्हणजे फुटबॉलचं राज्य, कुस्तीच्या वाट्याला तळाची दोन बोटं चौकट. त्या आठवड्यात तिथली दोन नावं लक्षात राहिली. ५३ किलोत अंतिम पंघालचं कांस्य, भारताचं एकमेव पदक. आणि ५७ किलोत पॅरिस ऑलिंपिकचा कांस्यविजेता अमन सेहरावत एकही कुस्ती न खेळता बाद, कारण वजन १.७ किलो जास्त भरलं.

बेळगावच्या मामांचा फोन आला. "काय रे, पैलवान वजन जास्त म्हणून बाद?" मामांचे सगळे रविवार आखाड्याच्या कडेला गेलेले. लहानपणी सुट्टीत चोर्ला घाट चढून गेलो की ते मलाही आनंदवाडीला न्यायचे. तेल, ताक, हळद मुरवलेली लाल माती, दोघांच्या उघड्या पाठीला चिकटलेली. वजनकाटा मात्र तिथे मी कधी पाहिला नाही. वस्ताद दोघांना शेजारी उभं करायचे, खांदे-मांड्या न्याहाळायचे आणि जोड लावायचे. 'काटाजोड' म्हणायचे, पण काटा असायचा तो वस्तादांच्या डोळ्यात. पाठ लागली की निकाल, नाही लागली तर बरोबरीत सोडवायची.

मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की पाठ लागो न लागो, कुस्ती संपली. पण त्याच्याही आधी येतो वजनगट. म्हणून निकालाचा तक्ता वाचताना मी नावाआधी किलोचा आकडा बघतो.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. मातीत तयार झालेल्या या मल्लाला मॅटची खरी ओळख १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येच झाली, तिथे ५२ किलोत सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत उतरले आणि कांस्य घेऊन परतले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९६७ ला दिल्लीतच जागतिक स्पर्धा भरली, बिशंबर सिंग यांना रौप्य मिळालं तेही ५७ किलोत. टोकियोत रवी दहियाचं रौप्य, पॅरिसला अमनचं कांस्य, दोन्ही ५७. आपल्याकडे हा आकडा जरा जास्तच फळला आहे, म्हणून झाग्रेबची ती ओळ अधिक टोचली.

जागतिक स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक मात्र ६७ किलोचं, उदय चंद यांचं कांस्य, योकोहामा, १९६१. महाराष्ट्र केसरी सुरू झाली तीही त्याच साली. आपण गोवेकर तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली होतो, मुक्ती यायची होती डिसेंबरात. सीनियर गटातलं जागतिक सुवर्ण आजवर एकच, मॉस्कोत २०१० ला सुशील कुमारचं, ६६ किलोत.

पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी घेत. पैलवान पाणी तोडून, घाम गाळून गटात बसायचा आणि रात्रभर खाऊन-पिऊन ताकद भरून काढायचा. २०१८ पासून एका गटाची स्पर्धा दोन दिवसांची झाली आणि वजन सकाळीच, दोन्ही दिवशी. पहिल्या दिवशी भरलेलं पाणी दुसऱ्या सकाळी काट्यावर दिसतं.

गटांची आणखी एक मेख आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकारात दहा गट, ऑलिंपिकमध्ये सहाच. बीडच्या राहुल आवारेने २०१९ ला नूर-सुलतानला कांस्य जिंकलं ते ६१ किलोत, आणि ६१ किलो ऑलिंपिकमध्ये नाहीच. खालच्या ५७ मध्ये त्याच स्पर्धेत रवी दहिया कांस्य घेऊन बसलेला. पदक गळ्यात असूनही टोकियोची वाट बंद, हे मला अजून पटत नाही.

विनेश फोगाटची गोष्टही इथूनच सुरू होते. तिची दोन्ही जागतिक कांस्यपदकं ५३ किलोची. २०२३ ला बेलग्रेडमध्ये, भारतीय महासंघ निलंबित असल्याने आपले मल्ल जागतिक संघटनेच्या झेंड्याखाली खेळत असताना, अंतिमने ५३ मध्ये कांस्य जिंकलं आणि त्याबरोबर त्या गटातली पॅरिसची जागाही मिळवली. म्हणून विनेश ५० किलोत उतरली. पॅरिसमध्ये पहिल्या दिवशी तिने तीन कुस्त्या मारल्या, त्यातली पहिलीच टोकियोची सुवर्णविजेती, जपानच्या युई सुसाकीवर. दुसऱ्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. अंतिम फेरी गेली, नियमाप्रमाणे क्रमांक शेवटचा, आणि क्रीडा लवादानेही अर्ज फेटाळला.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "१०० ग्रॅम म्हणजे किती रे? आमच्याकडे लंगोटाला लागलेली माती तेवढी भरेल."