होम थिएटरचा रिसीव्हर घेताना : जास्त पैसे मोजल्याने आवाज सुधारतो का?

होम थिएटर उभारण्याच्या विचाराने आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सुरुवात रिसीव्हरपासूनच (डिस्क किंवा टीव्हीचा आवाज घेऊन, त्याची शक्ती वाढवून तो स्पीकरला देणारे यंत्र) करतात, आणि त्यांचा प्रश्न साधारणपणे एकच असतो : हे मॉडेल सोडून त्याच्या वरचे घेतले, तर आवाजात फरक पडेल का? या प्रश्नाच्या उत्तरात आमचा व्यावसायिक हितसंबंध गुंतलेला आहे याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच ते तोंडी न सांगता कारणांसह लिहून द्यावे, असे आम्ही ठरवले. आमचे मत असे आहे की नावाजलेल्या कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये रोजच्या आवाजपातळीवर ऐकताना स्वस्त आणि महाग यांत कानाला जाणवेल असा फरक बहुधा नसतो. जास्तीचे पैसे वाया जातात असे नाही, पण ते ज्या गोष्टींसाठी मोजले जातात त्यांची तुमच्या खोलीला गरज आहे का, हे आधी पाहावे लागते.

चित्रपटाच्या डिस्कवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या स्वरूपात साठवलेला आवाज आकाराने लहान केलेला असला, तरी त्यातले काहीही गाळलेले नसते. तो उलगडण्याचे काम गणिती असल्यामुळे साधा रिसीव्हर आणि त्याच्या कित्येक पट किमतीचा रिसीव्हर दोघेही तंतोतंत तेच आकडे बाहेर काढतात. पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे आवाजाची शक्ती वाढवणाऱ्या भागात, थोडी विकृती (मूळ आवाजात नसलेली भर) मिसळते खरी, पण यंत्र आपल्या क्षमतेच्या आत चालत असेल तर ती साधारणपणे 0.1 टक्क्याहून कमी असते. याउलट चांगल्या स्पीकरमध्येही खालच्या सुरांना एखादा टक्का विकृती सहज येते, आणि खोलीमुळे आवाजात होणारे बदल तर याहून कितीतरी मोठे असतात.

दोन रिसीव्हर शेजारी ठेवून तुलना करताना एक काळजी अवश्य घ्यावी. एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा एखाद्या डेसिबलने जरी चढा असला, तरी तो मोठा आहे असे न वाटता अधिक स्वच्छ आणि भरदार आहे असे वाटते. आमच्याकडे आम्ही ध्वनिमापक श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर धरून दोन्ही यंत्रांची पातळी आधी सारखी करतो, खोली सुधारणारी सर्व सेटिंग बंद ठेवतो आणि मगच ऐकवतो. अशा वेळी, दोन मिनिटांपूर्वी एका यंत्राला ठामपणे पसंती देणारे ग्राहक कोणते यंत्र चालू आहे हे सांगताना अडखळतात. यात त्यांच्या कानांचा दोष नाही. आमचीही तीच गत होते.

वॅटच्या आकड्यांबाबत मात्र आम्ही आग्रहाने सांगू, कारण सर्वांत जास्त दिशाभूल तिथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पुष्कळदा एकच चॅनल (एका स्पीकरला आवाज पुरवणारा मार्ग) चालवून, केवळ 1 किलोहर्ट्झच्या सुरावर, 6 ओहमच्या भारावर (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचे एकक) आणि 10 टक्के विकृती मान्य करून काढलेला असतो. माहितीपुस्तिकेत 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, किमान दोन चॅनल एकत्र चालवून मोजलेला आकडा शोधावा आणि तुलना त्याचीच करावी. तो मिळाल्यावरही हे ध्यानात असू द्यावे की वॅट दुप्पट झाले तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. 80 वॅटच्या जागी 110 वॅटचा रिसीव्हर घेतला, तर पदरात पडतात दीड डेसिबलहूनही कमी.

मग किती वॅट पुरेसे आहेत? स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते, उदाहरणार्थ 87 डेसिबल. याचा अर्थ 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत तो साधारण 80 डेसिबल होऊन पोहोचतो, आणि घरात बसून ऐकण्यासाठी सरासरी 80 डेसिबल म्हणजे मोठाच आवाज झाला. चित्रपटातले स्फोट किंवा वाद्यवृंदाचे चढते क्षण सरासरीच्या 20 डेसिबल वर जातात असे धरले, तर त्या क्षणापुरती शंभरपट, म्हणजे 100 वॅट शक्ती लागेल. तुम्ही सरासरी 70 डेसिबलवर ऐकत असाल, तर त्याच क्षणांना 10 वॅट पुरतात. येथेच स्पीकरचे महत्त्व कळते : 87 ऐवजी 90 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेणे हे रिसीव्हरची शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे. शिवाय सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) जोडून 80 हर्ट्झच्या खालचा आवाज त्याच्याकडे वळवला, की रिसीव्हरवरचा सर्वांत जड भार उतरतो, कारण सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो.

या सगळ्यावर मात करते ती खोली. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे 34 हर्ट्झचा सूर दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठाण मांडून बसतो. बरोबर मध्यभागी बसलेल्याला तो जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला तो घुमतो. रिसीव्हर बदलून हे बदलत नाही, आसन अर्धा मीटर सरकवून बदलते. एका ग्राहकाची तक्रार होती की संवाद कळत नाहीत, म्हणून आणखी शक्तिशाली रिसीव्हर हवा आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहिले, तर सेंटर स्पीकर (मुख्यतः संवाद ऐकवणारा मधला स्पीकर) कपाटाच्या खणात हातभर आत ढकललेला होता आणि त्याचे तोंड गुडघ्यांच्या दिशेने होते. तो खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली रबराच्या दोन चकत्या ठेवून त्याचे तोंड किंचित वर केले, आणि जुन्याच रिसीव्हरवर संवाद स्पष्ट झाले.

तरीही वरचे मॉडेल घ्यावे असे आम्ही स्वतःहून सुचवतो, असे प्रसंग आहेत. त्यातले मुख्य कारण खोलीनुसार आवाज दुरुस्त करणाऱ्या प्रणालीचे. ऑडिसी, डिरॅक लाइव्ह, वायपीएओ अशा प्रणाली मायक्रोफोनने वेगवेगळ्या जागी मापे घेऊन आवाजातले चढउतार सपाट करतात. पण काही प्राथमिक मॉडेलांमध्ये सबवूफरची पातळी आणि अंतर यांपलीकडे त्याच्या सुरांची दुरुस्ती होतच नाही, आणि खोलीचा त्रास तर नेमका तिथेच असतो. आमच्या मते वाढीव किमतीचा आवाजात खरोखर ऐकू येणारा मोबदला असेल, तर तो मुख्यतः इथे आहे. खोली खूप मोठी असेल, स्पीकर 4 ओहमचे आणि कमी संवेदनशीलतेचे असतील, छतावर स्पीकर लावून वरूनही आवाज देणाऱ्या डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी 5.1.4 (भोवती पाच स्पीकर, एक सबवूफर आणि छतावर चार स्पीकर) किंवा त्याहून मोठी रचना करायची असेल, तरीही वरचे मॉडेल योग्य ठरते. पुढे कधी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचा विचार असेल, तर प्री-आउट (बाहेरच्या यंत्राला आवाज देणारी जोडणी) असलेले मॉडेल आताच घ्यावे; ती सोय नंतर बसवता येत नाही.

जोडण्यांबाबत थोडक्यात सांगायचे, तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींत ई-आर्क (एचडीएमआय केबलवरून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी सोय) असावे, म्हणजे टीव्हीवर चालणाऱ्या कार्यक्रमांचा आवाज काही न गाळता परत रिसीव्हरकडे येतो. सेकंदाला 120 चित्रांचे 4के खेळ खेळणाऱ्यांनी एचडीएमआय 2.1 पाहावे, मात्र केवळ तेवढ्यासाठी चांगला चाललेला जुना रिसीव्हर बदलण्याची गरज नाही, कारण खेळाचे यंत्र थेट टीव्हीला जोडून आवाज ई-आर्कने परत आणता येतो. रिसीव्हर तापतो, हे गृहीत धरून त्याच्यावर किमान 10 सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी आणि त्यावर दुसरे कोणतेही यंत्र ठेवू नये.

आमच्याकडे येताना खोलीची लांबी, रुंदी आणि उंची, आसनापासून स्पीकरपर्यंतचे अंतर आणि स्पीकर आधीच असतील तर त्यांच्या मागच्या पट्टीचे छायाचित्र सोबत आणावे. पट्टीवरील ओहमचा आकडा वाचता येईल इतके ते स्पष्ट असावे. खोलीत गालिचा, जड पडदे किंवा मोठी काचेची भिंत असल्यास तेही सांगावे. एवढी माहिती हाती असली, की यादीतले सर्वांत साधे मॉडेल तुम्हाला पुरेल की नाही, हे आम्ही त्याच भेटीत सांगू शकतो.